दोन जिवांच्या बाईचा प्रवास : हिशेब कोणी करायचा?



कापसाची गाडी बाजाराला न्यायची असली म्हणजे आपण आदल्या दिवसापासून हिशेब करतो. गाडी कोणाची, भाडे किती, ताडपत्री फाटकी तर नाही, आभाळ कसे आहे, जिनिंगच्या फाटकावर रांग किती लांब, रात्र पडली तर मुक्काम कुठे. दहा क्विंटल मालासाठी घरातली चार माणसे बसून बोलतात. त्याच घरातली सून सात महिन्यांची गरोदर असते, तिला तपासणीसाठी तालुक्याला न्यायचे असते, तेव्हा सगळे बोलणे एका वाक्यात संपते : "चल, बस मागे."

गाभण गाय शेवटच्या महिन्यांत आपण दहा कोस बाजाराला हाकत नाही. टेम्पोत चढवायची पाळी आलीच तर खाली भुसा अंथरतो. बाईची तुलना जनावराशी करायची नाही. पण जे शहाणपण आपल्या गोठ्यात आहे ते घरात का नाही, एवढे विचारायला हरकत नसावी.

माझे म्हणणे साधे आहे. गरोदर बाईचा प्रवास ही तिची एकटीची अडचण नाही. ते घराचे काम आहे, गावाचे काम आहे आणि बायांना बैठकीला, मोर्चाला बोलावणाऱ्या आपल्यासारख्यांचेही काम आहे. माझे शिक्षण शेतीचे, डॉक्टरकीचे नव्हे. म्हणून खाली जे आहे ते डॉक्टरच्या सल्ल्याऐवजी वापरू नये. पण डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची वाट आपल्याच हातात असते, आणि हा लेख त्या वाटेविषयी आहे.

आधी एक खोटा आळ पुसून टाकू

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोट पडले की गावात पहिला प्रश्न येतो : "कुठे गेली होती?" लग्नाला गेली, एस.टी.ने गेली, म्हणून असे झाले, असा निकाल लागतो. ती बाई जन्मभर तो आळ वागवते.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या बहुतेकांचे कारण गर्भाच्या बांधणीतच असते. पेरलेल्या प्रत्येक सरकीला मोड येत नाही. बियाण्यात दोष असला तर तुम्ही पेरणाऱ्या बाईला दोष देत नाही. एस.टी.च्या साध्या हादऱ्याने चांगला गर्भ पडत नाही. बाई धडधाकट असेल, पूर्वीची काही गुंतागुंत नसेल, तर तिने प्रवास करायला मुळीच हरकत नाही. "नऊ महिने घराबाहेर पाऊल नको" ही काळजी नव्हे, कोंडवाडा आहे.

खरा धोका वेगळा आहे. वाहनावरून पडणे, पोटाला मार बसणे, उन्हात पाणी न पिता तासन्‌तास बसणे आणि वेळेवर दवाखान्यात न पोहोचणे. पोट वाढल्यावर जोराचा मार बसला तर वार गर्भाशयापासून सुटू शकते. बाहेर खरचटलेले नसेल, दुखतही नसेल, तरी सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पडलेल्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. "काही नाही झाले" असे म्हणून तिला वेचणीला पाठवणे हा गुन्हा समजावा.

पिकाच्या दिवसांसारखा दिवसांचा हिशेब

ज्वारी किती दिवसांची, कापूस किती दिवसांचा हे आपल्याला तोंडपाठ. बाळंतपणाचाही दिवसांचा हिशेब आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. सोपी रीत अशी : पाळीच्या त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा.

समजा शेवटची पाळी १० ऑक्टोबरला आली. बाळंतपणाची तारीख १७ जुलैच्या आसपास. म्हणजे ऐन पावसात. काळ्या मातीच्या आपल्या पाणंद रस्त्यावर तेव्हा काय असते ते सांगायला नको. ही माती ओली झाली की फुगते, चाकाला धरते. ट्रॅक्टर रुततो तिथे रुग्णवाहिका कशी येणार? आता उलटे मोजा. प्रवासाला सगळ्यांत सुखाचा काळ साधारण १४ ते २८ आठवड्यांचा. मळमळ सरलेली असते, पोट फार जड झालेले नसते. आपल्या उदाहरणात तो काळ जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत येतो. पहिलटकरणीला माहेरी न्यायचे तर तेव्हा न्यावे. तेवढ्या लवकर जमत नसेल तर मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तिला रस्त्याच्या गावी पोहोचवलेच पाहिजे. तेव्हा ३४ वा आठवडा चालू असतो. ३६ आठवड्यांनंतर दवाखान्याखेरीज दूरचा प्रवास नकोच. कळा वाटेत सुरू झाल्या तर वाट कोणाची पाहायची?

आठव्या महिन्यात वेस ओलांडू नये असे जुन्या बाया म्हणत. त्यात थोडे शहाणपण होते. पण त्या नियमाच्या नावाखाली तपासणीही टाळली जाते, हे वाईट. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हाव्या लागतात : पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. म्हणजे शेवटची आणि मोलाची तपासणी नेमकी तेव्हाच, जेव्हा घर म्हणते "आता कुठे नेता". दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते; २०१६ पासून ही पद्धत आहे. ती तारीख अमावास्या-पौर्णिमेसारखी घरात पाठ असावी.

ज्या बाईला अंगावर जाते, रक्तदाब वाढला आहे, जुळे आहे, आधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले आहे किंवा वार खाली आहे असे सोनोग्राफीत निघाले आहे, तिने कोणत्याही महिन्यात डॉक्टरला विचारल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये.

वाहन कोणते, जागा कोणती

मोटारसायकल हे आपल्या भागातले सर्वांत सोयीचे आणि गरोदर बाईसाठी सर्वांत वाईट वाहन. टाळता येईल तेवढे टाळावे. दुसरा इलाजच नसेल तर बाईने एका बाजूला पाय सोडून बसू नये. दोन्ही बाजूंना पाय टाकून, पायठेवणीवर पाय टेकवून बसावे. साडीऐवजी सलवार-कमीज घातला तर सासूबाईंनी नाक मुरडू नये. चाकात पदर अडकून झालेले अपघात गावोगाव माहीत आहेत. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवे. गाडीवर तिसरे माणूस नको. वेग सायकलीचा ठेवावा आणि गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवावी.

काळी-पिवळीत किंवा ॲपेत दाटीवाटीने बसणे, फाळक्याला लटकणाऱ्या माणसांच्या कोपरांचा मार पोटावर घेणे, हेही नको. एस.टी. बरी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा पैशाची सबब आता चालत नाही. जागा दोन चाकांच्या मधली घ्यावी. मागच्या चाकावर आणि त्याच्या मागे हादरा जास्त बसतो. बायांच्या राखीव जागेवर बसलेल्या गड्याला उठवायला कंडक्टर लाजत असेल तर बरोबरच्या नवऱ्याने लाजू नये. रेल्वेने जायचे असेल तर गरोदर बायांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. तिकीट काढताना तो मागून घ्यावा.

जीपमध्ये पट्टा असेल तर तो जरूर लावावा. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर. खांद्याचा पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पट्ट्याने बाळ दाबेल ही भीती खोटी आहे. पट्टा नसेल तर आई समोर आदळते, ही भीती खरी आहे.

बंडीनेच जायचे तर खाली जाड कडबा, वर गोधडी, पाठीला गाठोडे आणि बैल पळवायचे नाहीत. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर गरोदर बाईला चढवू नये. घसरण्याचा धोका तर आहेच. शेतीचा माणूस म्हणून दुसरेही सांगतो : ज्या गाडीत कीटकनाशकाचे डबे, फवारणीचा पंप किंवा त्याने भिजलेली पोती आहेत, त्या गाडीत तिला बसवू नका. कपाशीवर मारायची कित्येक औषधे नाकातून जातात तशी कातडीतूनही आत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने आपली किती माणसे गेली हे आपण विसरलेलो नाही. आईच्या अंगात गेलेले विष पोटातल्या जिवापर्यंत पोहोचू शकते.

पाणी, भाकर आणि लघवी

आपल्याकडच्या बाया प्रवासाला निघाल्या की पाणी पिणे बंद करतात. कारण उघड आहे : स्टँडवरच्या मुताऱ्या. ज्याला वाटेल त्या झाडामागे उभे राहता येते, त्याला हे दुःख कळत नाही. पण पाणी न पिण्याने आणि लघवी धरून ठेवण्याने मूत्रमार्गाला जंतू लागतात, ताप येतो आणि अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होऊ शकतात. उन्हाळ्यात अंगातले पाणी आटले तरी पोट कडक होऊन कळा आल्यासारखे होते. म्हणून पाणी घोट घोट पण सतत प्यावे आणि दर दीड-दोन तासांनी लघवीला जावे. नवऱ्याने उतरून जागा शोधावी, कंडक्टरला दोन मिनिटे थांबायला सांगावे. यात कसली आली शरम?

मे महिन्यात दुपारचा प्रवास नकोच. पहिली गाडी धरावी किंवा ऊन उतरल्यावर निघावे. उन्हाने जीव कासावीस झाला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी घोट घोट द्यावे. साखर कमी आहे असा डॉक्टरचा इशारा नव्हे तर साखर वाढल्याचा इशारा असलेल्या बाईने मात्र आधी विचारून घ्यावे.

खाणे घरचे बांधून न्यावे. मळमळीच्या महिन्यांत ज्वारीच्या लाह्या किंवा कोरडी भाकर थोडी थोडी खाल्ली की बरे वाटते. पुढच्या महिन्यांत शेंगदाणा-गुळाचा लाडू, भाकर, केळे, लिंबू. स्टँडवरचा तळलेला वडा आणि उघडा रस नको. लोहाच्या लाल गोळ्या बरोबर ठेवाव्यात. प्रवासात गोळी चुकली की ती चुकतच जाते. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजायचे. ७ च्या खाली असेल तर घरी किंवा लग्नाला नव्हे, थेट दवाखान्यात जायचे. कंबर दुखते, उलटी होते म्हणून दुकानातली गोळी परस्पर घेऊ नये.

गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कलते. पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पट असतो, आणि एकाच जागी तासन्‌तास बसण्याने तो वाढतो. बसल्या बसल्या घोटे गोल फिरवावेत, पाऊल वर-खाली करावे आणि मोठ्या स्टँडवर उतरून चार पावले चालावे. एकच पाय सुजला, लाल झाला, पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर तो थकवा समजू नये; ताबडतोब डॉक्टर गाठावा.

माहेरी कागद बरोबर गेला पाहिजे

पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल चांगली आहे. आईच्या हाताखाली पोरीला विश्रांती मिळते. पण बाई माहेरी जाते आणि तिचे कार्ड सासरच्या कपाटात राहते. सासरची आशाताई म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती माझ्या वहीत नाही. ऐन वेळी रक्तगट कोणता, रक्तदाब किती होता, धनुर्वाताची इंजेक्शने झाली का, काहीच सांगता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बाईच्या हाताशी असावे. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरच्या आशाताईकडे नाव नोंदवावे. डोहाळजेवणाला साडीचोळी आणता तशी ही पिशवीही ओटीत घाला.

ही चिन्हे दिसली तर पुढचा प्रवास दवाखान्याकडेच

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. तोंड व हात सुजणे. झटके. ताप. पोटात सतत दुखणे. बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. यांतले एक जरी दिसले तरी "गावी जाऊन पाहू" असे म्हणायचे नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या दवाखान्यात जायचे. वाट पाहताना बाईला डाव्या कुशीवर निजवावे.

उशीर तीन प्रकारचा

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली एक गोष्ट मांडली, ती आता जगभर मानली जाते. बाळंतपणात बाई मरते ती तीन उशिरांमुळे : घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिसरा उशीर सरकारचा. दुसरा अर्धा सरकारचा, अर्धा आपला. पहिला पुरता आपला.

"आमच्या आज्या बांधावर बाळंत झाल्या" असे छाती फुगवून सांगणारे अजून भेटतात. ज्या बांधावर मेल्या त्या सांगायला येत नाहीत. २००४-०६ साली महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० च्या पाहणीत तो आकडा ३३ वर आला. हे आजीच्या काटकपणाने झाले नाही. तपासणी, रस्ता, गाडी आणि दवाखाना यांनी झाले.

१ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईला घरून दवाखान्यात, गरज पडल्यास तिथून मोठ्या दवाखान्यात आणि शेवटी घरी परत, असे तिन्ही प्रवास मोफत आहेत. औषध, रक्त, तपासण्या आणि दवाखान्यातले जेवणही मोफत. त्यासाठी १०२ नंबर आहे. हे माहीत नसल्यामुळे शेतकरी रात्री जीपवाल्याच्या पाया पडतो आणि सावकाराकडून भाडे आणतो. गाडी आली नाही तर तारीख-वेळ लिहून तक्रार करा. हा उपकार नाही.

नोकरदार बाई आणि शेतकरी बाई

कायद्याने कचेरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. चांगली गोष्ट आहे. ती तिला मिळालीच पाहिजे. पण जी बाई ओटीत दिवसभराचा कापूस वेचते, नऊ महिने भरेपर्यंत ज्वारी खुडते, तिला रजा कोण देणार? पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, तेही कागद जुळले तर. ऊसतोडीला निघालेल्या बीड, जालन्याच्या बाया पोटात बाळ घेऊन ट्रकच्या हौद्यात भांड्यांवर बसून शेकडो किलोमीटर जातात. त्यांना "प्रवासात आराम करा" असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. त्यांच्यासाठी मागणी स्पष्ट हवी : मुकादमाने उचल देताना गरोदर बाईच्या वेगळ्या बसण्याच्या गाडीचा खर्च कारखान्याकडून घ्यावा, आणि फडावर पोहोचताच तिथल्या आरोग्य केंद्रात तिची नोंद व्हावी.

आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. रस्ता तुटणाऱ्या गावची बाई तारखेच्या आधी काही दिवस तिथे येऊन राहते. पावसाळ्यात तुटणारी गावे काय फक्त जंगलातच आहेत? काळ्या मातीच्या कोरडवाहू तालुक्यांतही अशी खोली प्रत्येक आरोग्य केंद्रात मागितली पाहिजे. एका खोलीचा खर्च आहे, धरणाचा नाही.

सुरुवात आपल्या बैठकीपासून

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण जिल्ह्याच्या बैठकीला आपण बायांना ट्रॉलीत उभ्या करून आणतो, मांडवात पुढची सावली पुढाऱ्यांना देतो आणि पाण्याचा ड्रम मैदानाच्या टोकाला ठेवतो, तोवर आपल्याला दुसऱ्याला बोलण्याचा हक्क कमी. म्हणून या बैठकीपुढे पाच गोष्टी ठेवतो.

एक, गरोदर बाईला उघड्या ट्रॉलीत किंवा ट्रकच्या हौद्यात आणायचे नाही. तिने यायचे की नाही हे तिने ठरवावे. आली तर तिची जागा जीपमध्ये, पुढे. दोन, मांडवाजवळ बायांसाठी आडोसा असलेले स्वच्छ शौचालय आणि पाणी नसेल तर तिथे बैठक घ्यायची नाही. तीन, सभा कितीही रंगली तरी लांबच्या गावच्या बायांची गाडी अंधार पडायच्या आत सुटेल. चार, प्रत्येक गावशाखेने गावातल्या गरोदर बायांच्या तारखा आशाताईकडून विचारून, बायांच्या संमतीने, लिहून ठेवाव्यात आणि त्या आठवड्यात कोणाची गाडी तयार राहील हे आधी ठरवावे. पाच, पावसाळ्यापूर्वी ज्या पाणंदीवरून बाळंतीण न्यावी लागणार आहे, तिथे मुरूम टाकण्याचे काम पहिले करावे. कापसाची गाडी त्याच वाटेने पुढे जाणारच आहे.

पाचही गोष्टींना सरकारी मंजुरी लागत नाही, फार पैसाही लागत नाही. आजच्या बैठकीत ठराव करा, आणि परत जाताना आपापल्या गाडीत कोण कुठे बसले आहे ते एकदा वळून पाहा.